सीडी घालण्याआधीचे दोन दिवस

लग्नात, बारशात कुणी विचारलं, "अक्का, तू नेमकं काय करतीस गं?" की मी अठरा वर्षं एकच उत्तर देत आले, "कंप्युटरचं." उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. मी प्रोग्रॅम लिहीत नव्हते, मशीन विकत नव्हते, शिकवतही नव्हते. एखाद्या मिलमध्ये किंवा दवाखान्यात मोठं मशीन आलं की त्यावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर बसवायला हैदराबादहून माणूस यायचा. तो येण्याआधी दोन दिवस मी जायचे आणि मशीन त्याच्यासाठी तयार करून ठेवायचे. मग तो यायचा, सीडी घालायचा, सगळं सुरू व्हायचं, मशीनला हार घालून फोटो निघायचा. त्या फोटोत मी फारशी कधी नसायचे. तेव्हा मी बहुतेक बीदर-गुलबर्गा बसमध्ये असायचे.

आमचं गाव खजुरी. आजोबा मेंढरं राखायचे, अप्पा गवंड्याच्या हाताखाली जायचे. मी गुलबर्ग्याला पॉलिटेक्निक केलं आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत चिकटले. नव्वदनंतर बाहेरच्या देशांतली मशीनं आपल्याकडं सहज मिळायला लागली होती. माझ्या बरोबरची पोरं पुण्याला, हैदराबादला, पुढं अमेरिकेला गेली. मला आईला सोडून जायचं नव्हतं, म्हणून मशीनं माझ्याकडं आली. घरात मराठी, शाळेत कन्नड, हैदराबादच्या लोकांशी दखनी आणि मशीनचं पुस्तक इंग्रजीत. युनिक्स ही माझी पाचवी भाषा, आणि पाचांत तीच सगळ्यांत कमी शब्दांची.

तयारी म्हणजे काय, ते सांगते. डेटाबेस हे एकटं चालणारं सॉफ्टवेअर नव्हे. पन्नास लोक पन्नास ठिकाणांहून एकाच वहीत लिहितात, तरी अक्षरावर अक्षर पडू नये, अशी त्याची रचना असते. त्यासाठी मशीनच्या मेमरीत सगळ्यांना सामायिक जागा लागते. ती किती, हे आधी ठरवून एका फाइलीत लिहावं लागतं. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून टोकन लागतात, त्यांचा आकडाही त्याच फाइलीत. मेमरी कमी पडली तर डिस्कवर राखीव जागा ठेवायची. सॉफ्टवेअरच्या नावानं वेगळा वापरकर्ता तयार करायचा, त्याच्या मालकीच्या डिरेक्टऱ्या करायच्या, त्यात दुसऱ्या कुणाला हात घालता येणार नाही असं बघायचं. कामाचा मजकूर एका डिस्कवर, त्याची नोंदवही दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे एक गेली तरी दुसरीवरून उभं राहता येतं. अशा बावीस गोष्टींची यादी मी स्वतः केली होती. प्रत्येक ओळीपुढं खूण, खाली माझी सही.

यातलं काही चुकलं तरी सॉफ्टवेअर बसतं, हीच खरी अडचण. बसतं, चालतं, सगळे टाळ्या वाजवतात. मग महिन्याभरानं एकेचाळिसावा माणूस कामाला बसतो आणि टोकन संपल्यामुळं सगळं ठप्प होतं. तोवर मी दुसऱ्या गावात असते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. गुलबर्ग्यात एका डाळ मिलचे मालक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मशीनची मुख्य किल्ली, म्हणजे जिच्यानं काहीही उघडता आणि काहीही पुसता येतं तो पासवर्ड, मी त्यांना द्यायला तयार नव्हते. पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवा आणि गरज पडेल तेव्हाच फोडा, असं माझं म्हणणं.

अण्णा चिडले. "मिल माझी, मशीन माझं, आन् किल्ली पाकिटात कामून?"

मी विचारलं, "अण्णा, मिलचं मेन बटण तुम्ही स्वतः दाबताव का?"

"मी कशाला दाबू? मिस्त्री दाबतो. एकदा मी दाबलो तर पट्टाच तुटला."

आणि बोलता बोलता ते स्वतःच हसले. पाकीट तिजोरीत गेलं. मी कामावर होते तोवर ते फुटलेलं ऐकलं नाही.

पण लिहायला बसले ते अण्णांसाठी नाही. बीदरच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या कामाबद्दल मी त्या कामातली माणसं सोडून आजवर घराबाहेर कुणाशी बोलले नाही. ते आता सांगते.

दवाखाना मोठा होता. वॉर्डावॉर्डांत टर्मिनल बसवलेले. पेशंटला औषध दिलं की नर्सनं त्याच्या नावापुढं एक बटण दाबायचं, वेळ मशीन आपोआप लिहून घ्यायचं. पाळी बदलताना प्रत्येक वॉर्डासाठी एक यादी छापून निघायची: कुणाला काय दिलं, कधी दिलं, पुढचा डोस किती वाजता. जुनं मशीन दमलं होतं म्हणून नवं आलं. मी दोन दिवस आधी गेले. बीदरमधल्याच मैलूर भागात कामापुरती माझी खोली होती, तिथून दवाखाना चालत पंधरा मिनिटं.

त्या मशीननं मला टोकनांच्या आकड्यावर अडवलं. पुस्तकात एक आकडा, मशीन मात्र मानणार दुसराच. फाइल बदला, मशीन बंद करा, चालू करा, पुन्हा तपासा, असं अर्धा दिवस चाललं. शेवटी जमलं तेव्हा मी खुर्चीत मागं टेकून स्वतःवर जाम खूश झाले. मग उरलेल्या ओळी घेतल्या. एकोणिसावी ओळ होती, "तारीख आणि वेळ." मी कमांड दिली, तारीख बघितली, बरोबर होती. खूण केली. शेजारी वेळेचे आकडे होते. ते वाचले नाहीत.

याला कारण काय, हे मी पुष्कळदा शोधलं. घाई नव्हती, आजारी नव्हते, कुणी बोलावत नव्हतं. अवघड ते जमलं होतं, म्हणून सोपं ते वाचलं नाही. एवढंच.

तिसऱ्या दिवशी हैदराबादहून श्रीनिवास आला. शांत माणूस, माझ्याबरोबर अनेक ठिकाणी काम केलेला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, लिस्ट हो गया? तुम्हारी सही के बगैर मैं सीडी नईं डालता."

मी कागद पुढं केला. सही बघून त्यानं सीडी घातली. त्यानं काहीच तपासलं नाही, कारण माझी सही असली की तपासायचं नसतं, हा आमचा दोघांचा नियम. जुना मजकूर चढवून तो परत गेला.

पुढच्या दिवशी सकाळी दहा वाजता विश्वस्तांनी नारळ फोडला आणि नवं मशीन सुरू झालं. मी मशीनच्या खोलीत बसून होते. सगळं झरझर चाललं होतं. दुपारचं जेवण विश्वस्तांच्या पंगतीत आहे असा निरोप आला, तरी मी डबाच खाल्ला. नव्या मशीनजवळून पहिल्या दिवशी हलायचं नाही, ही माझी सवय.

अडीचच्या सुमाराला रत्ना सिस्टर खोलीत आल्या. त्या सगळ्या वॉर्डांच्या मुख्य, औरादकडच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांच्या हातात बाळंतिणींच्या वॉर्डाची यादी होती.

"मॅडम, तुमच्या मशीनमदी आता किती वाजलेत?"

मी हसून म्हणाले, "भिंतीवर आहेत तेवढेच की."

"एकदा बघा बरं."

मी कमांड दिली. भिंतीवर दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. पडद्यावर नऊ वाजून चार. सकाळचे.

साडेपाच तास मागं. युनिक्स आतल्या आत सगळ्या जगाची एकच वेळ मोजतं. तुम्ही कुठल्या गावात आहात हे सांगितलं की त्या गावची वेळ दाखवतं. मी सांगितलंच नव्हतं. म्हणून मशीन बीदरमध्ये बसून लंडनची वेळ लिहीत होतं.

"काय झालं सिस्टर? कुणाला काही..."

"बसा अगोदर," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं.

अनिता नावाची एक बाई सकाळी बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं. पण तासाभरात तिचा रक्तदाब चढला आणि झटका आला. डॉक्टरांनी झटक्याचं इंजेक्शन दिलं, दुपारी साडेबाराला. पुढचं चार तासांनी, म्हणजे साडेचारला. हे औषध जरूर तेवढं दिलं तर जीव वाचवतं, जास्त झालं तर श्वास मंदावतो. साडेबाराला बटण दाबलं, मशीननं लिहिलं सात. यादीत पुढचा डोस छापला अकरा.

दोनला पाळी बदलली. दुपारपाळीला ज्योती नावाची नर्स आली, नोकरीला लागून तिला काही महिनेच झालेले. तिनं यादीत अकरा बघितलं, भिंतीवर दोन बघितलं. तीन तास उशीर! तिनं घाईघाईनं इंजेक्शन भरलं आणि कॉटपाशी गेली. कॉटजवळ अनिताची सासू बसली होती, शेवंताबाई. तिनं आडवा हात घातला.

रत्ना सिस्टर त्याच वेळी वॉर्डात शिरत होत्या, म्हणून पुढचं त्यांनी स्वतः ऐकलं.

"ए बाई, आनी कामून टोचायलीस? आत्ताच तर टोचलाव की ओ तुमी."

"आजी, ते सकाळी सातला दिलेलं. आता उशीर झालाय, सरका."

"सातला? सातला माजी सून बाळंत बी झाली न्हवती. खालच्या मशिदीतली बांग झाली, त्याच्या जरा अगुदर दिलाव. मी काय झोपले हुते व्हय हितं?"

"यादीत लिहिलंय आजी."

"लिव्हनाऱ्याला काय ठाव? मी हितं बसलेय."

सिस्टर पुढं झाल्या. त्यांनी ज्योतीच्या हातातलं इंजेक्शन काढून ट्रेमध्ये ठेवलं, अनिताच्या गुडघ्याखाली हात घालून दुसऱ्या हातानं हलकेच ठोकलं. हे इंजेक्शन देण्याआधी दर वेळी हे बघायचं असतं. पाय उडाला नाही तर औषध अंगात भरपूर आहे, पुढचं द्यायचं नाही. पाय उडाला, पण जेमतेम. मग त्यांनी आपली वही काढली. नवं मशीन आल्यापासून वह्या बंद, असा दवाखान्याच्या साहेबांचा हुकूम होता. सिस्टरांनी तो ऐकला होता आणि वही चालू ठेवली होती. वहीत साडेबारा लिहिलेलं होतं.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "बाकीच्या वॉर्डांत बी ह्याच याद्या गेल्यात."

आम्ही दोघी पळालो. खरंच पळालो, जिन्यावरून, मी चपला हातात घेऊन. मी प्रत्येक वॉर्डातून छापील याद्या गोळा केल्या आणि सिस्टर कॉटमागून कॉट बघत गेल्या. नशिबानं कुणाला काही जादा गेलं नव्हतं. एका पोराचं औषध द्यायला घेतलं होतं, ते थांबवलं.

मशीन बंद करायला साहेबांची परवानगी हवी होती. ते विश्वस्तांच्या पंगतीत वाढपावर उभे होते. मी बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पाहुणे जाईपर्यंत थांबता येईल का? अर्धा तास फक्त."

मी काही बोलायच्या आत मागून रत्ना सिस्टर म्हणाल्या, "साहेब, याद्या मी फाडले. आता मशीन चालू ऱ्हायलं काय आन् बंद पडलं काय, वॉर्ड वहीवरच चालायलाय."

साहेबांनी मान हलवली. मी डेटाबेस बंद केला, वेळेची ओळ दुरुस्त केली, पुन्हा सुरू केला. बारा मिनिटं लागली. ज्या गोष्टीला बारा मिनिटं लागतात, ती तपासायला दोन सेकंद लागले असते. मग संध्याकाळपर्यंत सिस्टरांच्या वहीवरून सकाळपासूनच्या नोंदी एकेक करून सुधारल्या. साडेचारला अनिताचा पाय पुन्हा बघितला, श्वास मोजले, आणि मगच डॉक्टरांनी पुढचं इंजेक्शन दिलं.

निघायच्या आधी मी गुलबर्ग्याला आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणाला काही झालं नाही ना? मग अहवालात लिहा, व्होल्टेज वरखाली झाल्यामुळं घड्याळ बिघडलं. बीदरला व्होल्टेज वरखाली होतंच. कोण विचारणार आहे?"

ते वाईट माणूस नव्हते. दहा-बारा जणांचं पोट त्या कंपनीवर होतं, त्यात माझंही.

फोन ठेवला तर ज्योती दारात उभी. रडून डोळे सुजलेले. खात्री न करता इंजेक्शन भरलं म्हणून तिला मेमो मिळणार होता, उद्या टाइप होणार होता. "मॅडम, यादीवरच विश्वास ठेवायचा असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय," ती म्हणाली. शिकवणं माझं काम नव्हतं, पण त्या दोन दिवसांत नर्सना तासभर ते ट्रेनिंग मीच दिलं होतं. खोलीवर गेले, भात केला, खाल्ला नाही. व्होल्टेज हा शब्द डोक्यात फिरत राहिला. खरं सांगायचं तर मी तोच लिहिणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले तर नोंदणीच्या खिडकीपाशी गलका. शेवंताबाई आली होती. डोक्यावर पदर, कमरेला पिशवी, हातात बाळाच्या जन्माची चिठ्ठी. तिच्या सुनेचं बाळ सकाळी अकरा वीसला जन्मलं होतं. चिठ्ठीवर छापलं होतं, पाच पन्नास. औषधांच्या नोंदी मी सुधारल्या होत्या. जन्माच्या चिठ्ठ्या आधीच छापून वाटल्या गेल्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माज्या लेकानं हे चिठ्ठी वाचून दाखिवला. पाच पन्नासला आमी दवाखान्यात बी आलो न्हवतो, मोटारीत हुतो," ती खिडकीतल्या कारकुनाला सांगत होती. "मंग लेकरू काय मोटारीत झालं व्हय? नाव ठिवायला, पत्रिका काढायला हेच यळ सांगू का मी? कोन लिव्हलंय हे?"

"आजी, ते कंप्युटरनं लिहिलंय."

"कंप्युटर कोन हाय? त्येला बलवा."

रांगेतले लोक हसले. कारकूनही हसला. शेवंताबाई हसली नाही. ती खरंच विचारत होती, आणि कुणी तरी येईल म्हणून बाजूच्या दाराकडं बघत होती.

मी पुढं झाले. "आजी, ते मी लिहिलंय."

"तू?" तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "तू हुतीस व्हय तितं, बाळंतपनात?"

"नव्हते. मशीनला वेळ सांगायचं काम माझं होतं. माझ्याकडून ऱ्हायलं. इंजेक्शनची वेळ चुकली, ती पण त्याच्यामुळंच."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या पोरीला तर सगळे बोलायलेत काल धरनं," ती म्हणाली. "त्या नर्सला."

"व्हय."

"तिची चूक न्हाई म्हन की मंग. मला सांगून काय उपेग?"

एवढं बोलून तिनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली. मी नवी छापून दिली. तिनं ती पिशवीत घातली, जुनी मला परत केली आणि वॉर्डाकडं निघून गेली. सून कशी आहे, हे विचारायचं मी विसरले. नंतर सिस्टरांनी सांगितलं, ताप-झटका काही नाही, सकाळी उठून बसली, चहा प्याली.

मी तिथंच कारकुनाकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या अहवाल लिहिला. "यादीतली एकोणिसावी ओळ न वाचता मी खूण केली. मशीनची वेळ साडेपाच तास मागे होती. वॉर्डातल्या नर्सनी छापील यादीप्रमाणे काम केले, त्यांचा दोष नाही." सही केली आणि एक प्रत दवाखान्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. मेमो टाइप झालेला होता, दिला गेला नाही. वह्या बंद करण्याचा हुकूमही त्यांनी कुणाला न सांगता गुंडाळला.

श्रीनिवासला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गलती मेरी भी है मॅडम. मैं भी घडी देख सकता था." त्यानंतर आम्ही नियम बदलला. माझी सही झाल्यावर तो बावीसच्या बावीस ओळी पुन्हा तपासायचा, मोठ्यानं वाचून. एकोणिसाव्या ओळीपुढं आता खूण चालत नव्हती; मनगटावरची वेळ आणि पडद्यावरची वेळ, दोन्ही आकडे हातानं लिहायचे. श्रीनिवास पुढं अमेरिकेला गेला. तिथूनही एकदा त्यानं कळवलं, की तिथल्या आपल्या यादीत त्यानं ही ओळ घातली आहे. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटू नये असंही वाटलं.

वर्षअखेरीला दवाखान्यानं देखभालीचा करार आमच्याकडून काढून घेतला. साहजिक होतं. मला चार-पाच महिने बाहेर पाठवलं नाही, ऑफिसातच बसवलं, जुन्या फाइली लावायला. ज्या दिवशी करार काढून घेतल्याचं पत्र आलं, त्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा अहवाल त्यांच्यापुढं होता.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? व्होल्टेज लिहा म्हणून," ते रागात नव्हते, थकलेले होते. "हे सगळं एवढं सविस्तर लिहायची गरज काय होती? कुणी विचारलं होतं का?"

"व्हय साहेब," मी म्हणाले. "विचारलं होतं."

"कोणी?"

"एका बाळाच्या आजीनं. खिडकीपाशी येऊन."